डमींचा गुंता: रिग्रेशनमधून गळालेला कॉलम कसा हाताळावा

रिग्रेशन (एका चलाचं बाकीच्या चलांशी नातं मोजणारं गणित) चालवलं, तक्ता समोर आला आणि एका डमीच्या, म्हणजे गटात असेल तर १ आणि नसेल तर ० अशा कॉलमच्या, ओळीत गुणांकच नाही. आर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे ‘एनए’ दिसतं. स्टेटा ‘ओमिटेड’ लिहून मोकळं होतं. एक्सेल तर कहर करतं: गुणांक ०, प्रमाण त्रुटी (गुणांक किती डळमळीत आहे त्याचं माप) हीसुद्धा ० आणि टी-मूल्य (गुणांक भागिले प्रमाण त्रुटी) ६५५३५. प्रबंधांच्या हंगामात असे स्क्रीनशॉट माझ्याकडे येतात आणि सोबतचा प्रश्न ठरलेला असतो, “हा काढून टाकू ना?” काढा की. पण कोणता काढायचा हे तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरवर सोडू नका. एक कॉलम गेला की उरलेल्यांचा अर्थ बदलतो आणि खरी चूक तिथे होते.

आधी मुळातली गोम कागदावर करून बघू. सहा शेतकऱ्यांचं हरभऱ्याचं एकरी उत्पादन क्विंटलमध्ये घ्या (आकडे हिशेबाच्या सोयीसाठी मीच बनवलेत). कोरडवाहू ४ आणि ६, विहिरीवर ८ आणि १०, कालव्यावर ७ आणि ९. गटांची सरासरी ५, ९, ८. तिन्ही गटांना एकेक डमी दिली आणि स्थिरांकही (सगळ्यांच्या अंदाजात सारखाच मिळवला जाणारा आकडा) ठेवला. प्रत्येक शेतकरी एकाच खान्यात बसतो, त्यामुळे तीन डमींची बेरीज दर ओळीत १ येते. स्थिरांक म्हणजे तरी काय, वरपासून खालपर्यंत १ असलेला कॉलमच. तीच माहिती दोनदा आली.

आता गंमत बघा. स्थिरांक ० धरला तर गुणांक ५, ९, ८. स्थिरांक ५ धरला तर ०, ४, ३. स्थिरांक १०० धरला तर उणे ९५, उणे ९१, उणे ९२. तिन्ही उत्तरं प्रत्येक शेतकऱ्यासाठी अगदी तोच अंदाज देतात, मग संगणकाने कोणतं निवडायचं? निश्चयक शून्य, व्यस्त आव्यूह निघत नाही वगैरे पुस्तकी भाषा याच पेचासाठी आहे. मात्र विहीर आणि कालवा यांच्यातला फरक तिन्हीकडे १ च राहतो. फरक डेटाला ठाऊक असतो, कुठून मोजायचं हे तुम्हाला सांगावं लागतं.

म्हणून पहिली पायरी म्हणजे संदर्भ गट, ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना होते तो, स्वतः निवडणं. गट जितके, त्यापेक्षा एक डमी कमी. कोरडवाहू संदर्भ धरलात तर स्थिरांक ५, विहीर ४, कालवा ३. म्हणजे विहिरीवाल्याला कोरडवाहूपेक्षा एकरी ४ क्विंटल जास्त. वाचकाला ज्याच्याशी तुलना हवी असेल तो गट घ्या, पण त्यात माणसं पुरेशी हवीत. दोन-चार नोंदींचा गट संदर्भ केलात तर प्रत्येक फरकाची प्रमाण त्रुटी फुगते. पायथनमध्ये पांडास या लायब्ररीला ‘ड्रॉप फर्स्ट’ सांगून मोकळं होणारे पुष्कळ भेटतात. तिथे वर्णक्रमाने जो पहिला येईल तो जातो, आणि वर्णक्रमाला शेतीतलं काय कळतं!

दुसरा उपाय स्थिरांक काढण्याचा. मग तिन्ही डमी राहतात आणि गुणांक म्हणून सरळ सरासऱ्या मिळतात: ५, ९, ८. चालतं, पण दोन ठिकाणी पाय घसरतो. टी-चाचणी आता “या गटाची सरासरी शून्य आहे का?” असं विचारते, आणि हरभरा पेरला तर उत्पादन शून्य नसतं हे सांगायला संख्याशास्त्र कशाला हवं? शिवाय आर आणि स्टेटा अशा वेळी आर-वर्ग (मॉडेल एकूण चढउताराचा किती भाग टिपतं ते माप) सरासरीऐवजी शून्यापासून मोजतात. आपल्या सहा नोंदींत स्थिरांक असताना आर-वर्ग ०.७४ येतो, काढल्यावर ०.९८. मॉडेल तेच, अंदाजातल्या चुकाही त्याच. हा ०.९८ प्रबंधात मिरवू नका.

पायथनच्या स्टॅट्समॉडेल्स या लायब्ररीबद्दल वेगळा इशारा द्यायला हवा, कारण ते काहीच गाळत नाही. छद्म-व्यस्त (खरा व्यस्त आव्यूह निघत नाही तेव्हाचा पर्याय) वापरून अनंत उत्तरांतलं एक उचलतं आणि छापतं. वरच्या उदाहरणात स्थिरांक ५.५ आणि डमी उणे ०.५, ३.५, २.५ असं दिसेल, सोबत प्रमाण त्रुटीसुद्धा. सगळं सभ्य दिसतं. तळाला लहानात लहान आयगेनमूल्याबद्दल (ते शून्याला टेकलं की कॉलम एकमेकांत गुंतलेत असं समजा) एक टीप असते, तेवढीच काय ती खूण. ती टीप वाचायची सवय लावा.

इथवरचं सोपं आहे. एक डमी कमी करूनही कॉलम गळतोय, तर दोन वेगवेगळ्या चलांची आपसात मिलीभगत आहे. शोधायचं कसं? आरमध्ये ‘एलियास’ हे फंक्शन गळालेला कॉलम कोणकोणत्या कॉलमांपासून बनलाय ते थेट सांगतं. इतरत्र गळालेल्या डमीलाच अवलंबी चल करा आणि बाकीच्या सगळ्या स्वतंत्र चलांवर तिचं रिग्रेशन चालवा. आर-वर्ग १ येईल आणि ज्यांचे गुणांक शून्य नाहीत तेच साथीदार. मग त्या दोन चलांचा आडवा-उभा तक्ता काढा. शून्यांची मांडणी डोळ्यांना लगेच दिसते.

नेहमीचे गुन्हेगार मोजकेच आहेत. सिंचनाच्या डमी असताना कुणीतरी ‘बागायत आहे का?’ हाही प्रश्न मॉडेलमध्ये घालतं. बागायत म्हणजे विहीर अधिक कालवा, दुसरं काही नाही. आर सहसा सूत्रात नंतर आलेला कॉलम गाळतं. त्यामुळे बागायत आधी, मग विहीर, मग कालवा असा क्रम लावला तर कालवा जातो. उरतं बागायत ३, विहीर १. आता हा ३ ‘सिंचनाचा परिणाम’ म्हणून लिहिलात तर चूक. तो कालवा आणि कोरडवाहू यांतला फरक आहे, आणि विहिरीचा १ हा कालव्याच्या वरचा. क्रम बदला, वेगळाच आकडा मिळेल. विषय सिंचन असेल तर फक्त बागायत ठेवा, स्रोत असेल तर फक्त विहीर आणि कालवा.

जिल्हा आणि महसूल विभाग हीही तशीच जोडी. महाराष्ट्रात ३६ जिल्हे, ६ विभाग. स्थिरांक, ३५ आणि ५ मिळून ४१ कॉलम होतात, पण कोटी, म्हणजे स्वतंत्र कॉलमांची संख्या, ३६ च निघते. जिल्हा कळला की विभाग कळलाच. इथे आणखी हजार घरांचं सर्वेक्षण करूनही फरक पडत नाही, कारण हे नातं व्याख्येतच आहे. जिल्ह्याच्या डमी ठेवल्यात तर प्रत्येक जिल्ह्याला एकच किंमत असलेलं काहीही, अगदी मुख्यालयाचं मुंबईपासूनचं अंतरसुद्धा, गळणारच.

गाळणी लावल्यानंतर रिकामे झालेले कॉलमही तपासा. डेटा २०१३ पर्यंतचा ठेवलात आणि जिल्ह्यांची यादी आजची घेतलीत, तर पालघरचा कॉलम शून्यांनी भरलेला असेल, कारण तो जिल्हा ऑगस्ट २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. रिकाम्या उत्तरांच्या ओळी वगळल्यावरही असंच होतं. मोजणी नेहमी शेवटच्या नमुन्यावर करा, मूळ फाइलवर नाही.

सगळ्यात चकवा देणारा प्रकार ‘लागू नाही’चा. एका विद्यार्थिनीने रात्री साडेदहाला फोन केला. स्त्रियांच्या रोजगाराचा डेटा, त्यात नवऱ्याचं शिक्षण आणि नवऱ्याचा व्यवसाय. दोन्हींत अविवाहित मुलींसाठी ‘लागू नाही’ आणि वैवाहिक स्थितीत पुन्हा ‘अविवाहित’. नावं तीन, कॉलम एकच. आम्ही अविवाहितची डमी ठेवली आणि दोन्ही ‘लागू नाही’ काढले.

“मग हा गुणांक म्हणजे लग्नाचा परिणाम ना?” तिने विचारलं. तिचे संदर्भ गट होते निरक्षर नवरा आणि शेतमजूर नवरा. म्हणजे तुलना होत होती अविवाहित मुली आणि निरक्षर शेतमजुरांच्या बायका यांच्यात. तिने तक्त्याखाली दोन्ही संदर्भ गट लिहिले आणि ‘लग्नाचा परिणाम’ हे उपशीर्षक खोडलं.