आयएलआर मिळालं, आता मुलांचं नागरिकत्व: या चुका टाळा

२०२१ मध्ये आमच्या घरातून आयएलआरचे, म्हणजे ब्रिटनमध्ये कायम राहण्याच्या परवानगीचे, चार अर्ज गेले. नवऱ्याचा, माझा, पुण्यात जन्मलेल्या थोरल्याचा आणि इथे इंग्लंडमध्ये जन्मलेल्या धाकटीचा. सल्लागार म्हणाला, "सगळ्यांचं एकदमच करून टाकू." आम्ही हो म्हटलं आणि धाकटीचे २,३८९ पौंड भरले. काही महिन्यांनी कळलं की तिला आयएलआरची गरजच नव्हती. तिच्या बाबांना ज्या दिवशी आयएलआर मिळालं, त्याच दिवशी तिला ब्रिटिश नागरिक म्हणून नोंद करून घेण्याचा हक्क मिळाला होता. एवढ्या पैशात तिची नोंदणी आणि पासपोर्ट दोन्ही होऊन वर बरेच उरले असते.

तेव्हापासून ओळखीतलं कुणी मुलांच्या कागदपत्रांविषयी विचारायला लागलं की मी आधी दोनच गोष्टी विचारते. मूल कुठे जन्मलं? आणि त्या दिवशी आईबाबांपैकी कुणाकडे आयएलआर होतं का? पुढचं सगळं या दोन उत्तरांवर ठरतं. एकाच घरातल्या दोन भावंडांना दोन वेगळे नियम लागू होतात, आणि बहुतेक चुका हे लक्षात न घेतल्यानेच होतात.

"इथे जन्मलं म्हणजे ब्रिटिशच की!"

नाही. १९८१ चा ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायदा १ जानेवारी १९८३ पासून लागू झाला आणि तेव्हापासून नुसत्या जन्माने नागरिकत्व मिळत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक हवेत, नाहीतर 'सेटल्ड' हवेत, म्हणजे त्यांच्याकडे आयएलआर किंवा युरोपीय नागरिकांच्या योजनेतला सेटल्ड स्टेटस हवा. वर्क व्हिसावरच्या जोडप्याचं बाळ ब्रिटिश जन्मदाखला घेऊन घरी येतं, पण नागरिकत्व घेऊन येत नाही.

याच्या उलट चूकही मी पाहिली आहे. आईला किंवा वडिलांना आयएलआर मिळाल्यानंतर बाळ जन्मलं, तर ते जन्मतःच ब्रिटिश असतं. त्याची कसलीही नोंदणी करायची नसते, थेट ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज करायचा. तरी लोक घाईघाईने नोंदणीचा फॉर्म भरायला बसतात. इथे तारीख महत्त्वाची. आयएलआरचा अर्ज केल्याची तारीख धरत नाहीत, मंजुरीची धरतात. अर्ज विचाराधीन असताना बाळ झालं तर नोंदणी करावी लागते, मंजुरीनंतर झालं तर नाही. म्हणून मंजुरीचं पत्र जपून ठेवा. राहण्याच्या परवानगीची प्लास्टिकची बीआरपी कार्डं २०२४ च्या अखेरीस बाद होऊन ऑनलाइन ई-व्हिसा आले. कार्ड गेलं, ईमेल सापडत नाही, अशा अवस्थेत ती तारीख सिद्ध करायला फार धावपळ होते.

इथे जन्मलेल्या मुलासाठी थांबून राहणं

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मूल इथे जन्मलं, तेव्हा तुम्ही व्हिसावर होतात, आणि नंतर तुमच्यापैकी एकाला आयएलआर मिळालं. अशा मुलाला कायद्याच्या कलम १(३) प्रमाणे नोंदणीचा हक्क आहे. अर्ज एमएन१ या फॉर्मवर होतो आणि तो मूल १८ वर्षांचं होण्याआधी करावा लागतो. अटी पूर्ण असतील तर गृहखात्याला नोंदणी करावीच लागते, त्यांच्या मर्जीचा प्रश्न येत नाही.

यात लोक तीन ठिकाणी अडखळतात. पहिलं, आमच्यासारखं मुलाचं आयएलआर आधी काढणं. आज ती फी ३,००० पौंडांच्या आसपास आहे, आणि इथे जन्मलेल्या मुलाला या वाटेवर तिचा काहीच उपयोग नाही. दुसरं, आईबाबा दोघांनाही आयएलआर मिळेपर्यंत थांबणं. बऱ्याच घरांत एकजण आधी आलेला असतो आणि दुसऱ्याची आयएलआरसाठी लागणारी पाच वर्षं भरायची असतात. कलम १(३) ला एकच पालक पुरतो. तिसरं, "आधी आम्ही नागरिक होऊ, मग मुलाचं बघू" म्हणत वर्ष-दीड वर्ष घालवणं. घरातला पहिला ब्रिटिश नागरिक तीन वर्षांचं पोर असायला कायद्याची काहीच हरकत नाही.

वाट बघण्यात एक धोकाही आहे. मूल १० वर्षांचं झालं की त्याच्या अर्जातही सद्वर्तनाची अट येते. बहुतेक मुलांना त्याने काही फरक पडत नाही, पण शाळेतल्या एखाद्या भानगडीत पोलिसांकडे नोंद झालेली असली तर पडतो.

आणि दोघांपैकी कुणालाच आयएलआर मिळालं नसेल तर? इथे जन्मून पहिली दहा वर्षं इथेच राहिलेल्या मुलाला स्वतःच्या जोरावर नोंदणीचा हक्क मिळतो, फक्त त्या प्रत्येक वर्षात देशाबाहेरचे दिवस ९० पेक्षा जास्त नसावेत. हा अर्ज 'टी' नावाच्या फॉर्मवर होतो. मे २०२५ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत कायम वास्तव्याची सर्वसाधारण मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा प्रस्ताव मांडला गेला, त्यामुळे ही वाटही माहीत असलेली बरी. शाळेची पत्रं आणि लसीकरणाचं लाल पुस्तक फेकू नका, त्या दहा वर्षांचा पुरावा त्यांतूनच उभा राहतो.

पुण्यात, नागपुरात, पणजीत जन्मलेलं भावंड

आमचा थोरला दोन वर्षांचा असताना इथे आला. त्याला कलम १(३) लागूच होत नाही. त्याच्यासाठी कलम ३(१), आणि तिथे हक्क नाही, गृहखात्याचा विवेकाधिकार आहे. साधारणपणे त्यांची अपेक्षा अशी असते: एक पालक ब्रिटिश झालेला किंवा होत असलेला, दुसरा सेटल्ड, मुलाकडे स्वतःचं आयएलआर, आणि मुलाचं पुढचं आयुष्य इथेच जाणार हे दिसणारं. १३ वर्षांच्या पुढच्या मुलांच्या बाबतीत दोन वर्षांचं इथलं वास्तव्यही बघतात.

म्हणजे धाकटीसाठी जो खर्च वाया गेला, तोच थोरल्यासाठी अत्यावश्यक होता. त्याचं आयएलआरही साधारणपणे आईबाबा दोघं सेटल्ड झाल्यावर किंवा दोघांचं एकत्र होत असतानाच मिळतं. आयएलआरला बारा महिने झाल्यावर मी स्वतःच्या नागरिकत्वाचा अर्ज केला, त्याच्याबरोबर थोरल्याचा जोडला. ज्यांनी धाकट्याबरोबर थोरल्याचाही एमएन१ लगेच भरून टाकला, त्यांच्यापैकी काहींना नकार आला. अशा वेळी नकार मिळाला तरी फी परत येत नाही.

स्विंडन, साउथॉल आणि गोव्याची घरं

पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोंयकार कुटुंबांत 'सेटल्ड' आणि 'प्री-सेटल्ड' यांची गल्लत फार होते. प्री-सेटल्ड म्हणजे सेटल्ड नव्हे. त्या काळात इथे जन्मलेलं मूल ब्रिटिश नसतं, आईला किंवा वडिलांना पुढे सेटल्ड स्टेटस मिळाला की त्याच कलम १(३) खाली नोंदणी होते. पण फी भरण्याआधी एक गोष्ट तपासा. ब्रेक्झिटआधी जन्मलेल्या मुलाच्या आईने किंवा वडिलांनी त्याच्या जन्मापूर्वी युरोपीय नागरिक म्हणून सलग पाच वर्षं इथे नोकरी केली असेल, तर त्यांना कायम वास्तव्य आपोआप मिळालेलं असू शकतं आणि मूल जन्मतःच ब्रिटिश असू शकतं. जुन्या पगाराच्या पावत्या आणि पी-६०, म्हणजे मालकाने दिलेले वर्षाच्या पगाराचे आणि कराचे दाखले, काढून बसा. पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मान्य करतं, त्यामुळे पुढे सांगितलेला भारतीय पासपोर्टचा प्रश्न या मुलांपुढे सहसा येत नाही.

कागद

जन्मदाखला पूर्ण हवा, ज्यात आईवडिलांची नावं असतात तो. बाळाच्या नावापुरता छोटा दाखला चालत नाही. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

नावांची गुंतागुंत मात्र आपली खास. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव येतं. इथल्या जन्मदाखल्यावर ते घातलं नाही आणि भारतीय पासपोर्टवर मात्र घातलं, असं सर्रास होतं. आईचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर. नोंदणी यातून निभावते, पण नंतर ब्रिटिश पासपोर्टच्या वेळी दोन पासपोर्टांवर वेगवेगळी नावं दिसली की अर्ज अडतो. बाळाची जन्मनोंद करायला जाल तेव्हाच ठरवा, वडिलांचं नाव मधे हवं की नको, आणि मग सगळीकडे तेच लिहा.

दोन रेफरी, म्हणजे मुलाची ओळख पटवणारी माणसं, लागतात. एक असा व्यावसायिक, ज्याचा मुलाशी कामानिमित्त संबंध आला आहे: शिक्षिका, नर्सरीतल्या ताई, हेल्थ व्हिजिटर. दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक, २५ वर्षांपुढचा किंवा व्यावसायिक. मामा, मावशी, काका चालत नाहीत. रेफरी एकमेकांचे नातेवाईक नकोत, आणि तुमचा वकील तर नकोच. शाळेची सुट्टी लागायच्या आत शिक्षिकेची सही घ्या, नाहीतर ऑगस्टभर थांबावं लागतं.

बायोमेट्रिकला तान्ह्या मुलालाही न्यावं लागतं. पाच वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो काढतात.

फी परवडत नाही म्हणून सोडून देणं

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुलांच्या नोंदणीची फी १,०१२ वरून १,२१४ पौंडांवर गेली. भराल त्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. मुलाच्या हक्कावर एवढी किंमत लावणं मला आजही पटत नाही. या फीविरुद्ध मुलांच्या बाजूने लढणाऱ्या संस्थेने खटला चालवला. मुलांच्या हिताचा विचार न करताच फी ठरवली, असं उच्च न्यायालयाने आणि नंतर अपील न्यायालयाने म्हटलं. एवढी फी लावण्याचा अधिकार सरकारला आहे, असा निकाल मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला. तरी त्या लढ्यातून एक मोठी गोष्ट हाती आली: जून २०२२ पासून ऐपत नसलेल्या कुटुंबातल्या मुलांना फीमाफी मागता येते. अट एवढीच की माफीचा अर्ज आधी करायचा, पैसे भरून मग नाही. बँकेची विवरणं, भाडं, पगार हे सगळं दाखवावं लागतं. लाजू नका, ही सोय मुलासाठीच आहे.

सल्लागार घेणार असाल तर तो सॉलिसिटर आहे का, किंवा इमिग्रेशन सल्लागारांवर देखरेख ठेवणाऱ्या इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदलेला आहे का, ते आधी बघा. पैसे घेऊन फॉर्म भरून देणारा ओळखीतला दादा या दोन्हींत बसत नाही.

गणपतीला गावी जाणं

व्हिसावरच्या आईवडिलांच्या पोटी इथे जन्मलेलं बाळ व्हिसाशिवाय इथे राहिलं तर ते बेकायदा ठरत नाही. पण एकदा देशाबाहेर गेलं की परत यायला त्याला व्हिसा लागतो. आजीला नात दाखवायला बाळाला घेऊन गेलेली आणि मग मुंबईत व्हिसाची वाट बघत बसलेली आई मी पाहिली आहे. नवरा इथे कामावर, ती तिकडे, बाळ चार महिन्यांचं. नोंदणीला साधारण सहा महिने लागू शकतात, त्यानंतर पासपोर्टचा वेळ वेगळा. त्या काळात जाणं टळणार नसेल तर बाळाकडे परतीचा वैध व्हिसा आहे याची खात्री करूनच निघा.

नोंदणी झाल्याबरोबर मुलाचा जुना ब्रिटिश व्हिसा संपतो. प्रमाणपत्र आलं, पासपोर्ट अजून आला नाही, म्हणून जुना भारतीय पासपोर्ट आणि जुना व्हिसा दाखवून प्रवास करायचा, हे अजिबात करू नका.

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. मुलाचा भारतीय पासपोर्ट असेल तर तो सरेंडर करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. उशीर केला किंवा मधे त्यावर प्रवास केला तर दंड बसतो. मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना भारतात व्हिसाशिवाय येऊ-राहू देणाऱ्या कार्डाचा, अर्ज. आयएलआर दोन-चार महिन्यांवर आलं असेल आणि प्रवास ठरलेला नसेल, तर नुकत्याच जन्मलेल्या बाळाचा भारतीय पासपोर्ट काढण्याआधी विचार करा. नोंदणीचा अर्ज जन्मदाखल्यावरही होतो, आणि न काढलेला पासपोर्ट सरेंडर करावा लागत नाही. मात्र भारतीय दूतावासात जन्मनोंद करायला एक वर्षाची मुदत असते. आयएलआर लांब असेल तर ती चुकवू नका.

माझ्या सासऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, "मग गावच्या शेतीचं काय?" ओसीआय असलेल्या नातवंडांना शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते. सातबारावर त्यांचं नाव लागू शकतं. हे ऐकल्यावर त्यांनी थोरल्याचा भारतीय पासपोर्ट स्वतःच्या हाताने माझ्याकडे काढून दिला.