आधी काटा आणा, मग बाकीचं

मांजर आजारी पडलं तर घरात काय काय तयार हवं, ते लिहायला बसले आहे. पण पहिली गोष्ट आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटपर्यंत कुणी वाचेल याची खात्री नाही. वजनाचा काटा. औषधं डॉक्टर लिहून देतील, टॉवेल घरात असतात, सिरिंजा कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतात. काट्याचं नाव कुणी काढत नाही. मीही काढलं नव्हतं.

झालं असं की आमच्या भोपळ्याला सर्दी झाली. केशरी बोका, पाच वर्षांचा, केसाळ, चालता-बोलता तक्क्या. नाक चोंदलेलं, जिभेवर फोड. डॉक्टर म्हणाले, मांजरांचा फ्लू आहे, औषध देतो, पण खातोय ना त्यावर लक्ष ठेवा. आम्ही ठेवलं की! सकाळी मी नवऱ्याला विचारायचे, ‘जेवला का रे?’ तो सांगायचा, ‘वाटी रिकामी आहे.’ संध्याकाळी आई मला विचारायची आणि मीही तेच सांगायचे. वाटी चिमी रिकामी करत होती. आमची दुसरी मांजर. आठ दिवसांत ती गुबगुबीत झाली आणि भोपळ्याच्या कानाची आतली कातडी हळद लावल्यासारखी पिवळी दिसायला लागली. दवाखान्यात वजन भरलं ४.६ किलो. लशीच्या पुस्तकात दोन महिन्यांपूर्वीचं लिहिलेलं होतं ५.४. आठशे ग्रॅम गेले आणि एका घरात राहून आम्हा तिघांपैकी कुणाला पत्ता नाही, कारण वरून केस तेवढेच होते.

जाडं मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृताकडे जायला लागते. मांजराच्या यकृताला एवढी चरबी एकदम झेपत नाही, ती तिथेच साठते आणि यकृत बसायला लागतं. फॅटी लिव्हर. याला महिने लागत नाहीत, दोन-तीन दिवसांच्या कडकडीत उपासातही सुरुवात होऊ शकते. आपल्याकडे ‘एक दिवस पोटाला आराम’ हा घरगुती उपाय आहे, तो मांजराला लावायचा नाही. चोवीस तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन. भोपळ्याच्या मानेतून अन्ननलिकेत नळी घालावी लागली. पाच आठवडे, दिवसातून पाच वेळा, सिरिंजने पातळ खाणं. वाचला. पण ते पाच आठवडे काट्याचे पैसे वाचवण्याच्या नादात आले नव्हते, नुसत्या विसरण्याने आले होते, याचा राग अजून आहे.

तर काटा. माणसाचा काटा चालत नाही. तो शंभर-शंभर ग्रॅमच्या उड्या मारतो, शिवाय मांजराला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग स्वतःचं वजन वजा करायचं, त्यात दोन्हीकडून चूक. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चांगला, पण त्याची मर्यादा बघून घ्या, कित्येक काटे ५ किलोपर्यंतच असतात आणि बोके त्याच्या पुढे जातात. वर एक मोठा डबा किंवा टोपली ठेवायची, आकडा शून्यावर आणायचा, मग मांजर आत. मला सगळ्यात सोयीचा वाटला तो प्रवासाची बॅग तोलायचा हुकाचा काटा. स्वस्त असतो, १० ग्रॅमपर्यंत दाखवतो. चेन लावलेल्या पिशवीत मांजर, पिशवी हुकाला, नंतर रिकामी पिशवी तोलून वजा. नवऱ्याने रद्दीवाल्याचा काटा सुचवला होता. रद्दीवाल्याच्या काट्यावर आजवर कुणाचं वजन खरं आलंय?

आणि वजन आत्ता करा, मांजर धडधाकट असताना. आजारपणातला पहिला आकडा कशाशी ताडणार? रोज एकाच वेळी, खाण्याआधी, त्याच पिशवीत. सलाईन देत असाल तर सलाईनच्या आधी, नाहीतर १०० मिलीलीटर पाणी कातडीखाली गेलं की काटा १०० ग्रॅम वर जातो आणि आपण पेढे वाटायला निघतो. चार किलोच्या मांजराचे दोन दिवसांत दीडशे ग्रॅम गेले तर ते ‘काटा हलला असेल’ म्हणून सोडायचं नाही. चार किलोला दीडशे म्हणजे साठ किलोच्या माणसाला सव्वादोन. औषधाचा डोसही किलोवरच ठरतो, त्यामुळे डॉक्टर फोनवर पहिलं विचारतात ते वजनच. अंदाजे सांगू नका.

आता बाकीचं, भराभर.

एक खोली, दार बंद होणारी. आजारी मांजर वेगळं. एक कारण म्हणजे फ्लू दुसऱ्याला लागतो. दुसरं मी वर सांगितलंच, वाटी कुणी संपवली ते कळलं पाहिजे. ज्या खोलीत पलंगाखाली हात पोचत नाही ती खोली निवडू नका. आजारी मांजर हमखास सगळ्यात आतल्या कोपऱ्यात जाऊन बसतं आणि औषधाच्या वेळी तुम्ही झाडूचा दांडा घेऊन आडवे. पुठ्ठ्याचं खोकं आडवं टाकून त्यात जुनी सुती साडी घाला, त्याला लपायला जागा मिळते आणि तुम्हाला ते सापडतं. पंखा थेट अंगावर नको. उदबत्ती, धूप, कापूर त्या खोलीत बंद, नाक आधीच चोंदलेलं आहे. व्हिक्सही नको, कापूर त्यातही असतो.

फिनाईल. हे जरा थांबून वाचा. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होणारी जंतुनाशकं बहुधा फिनॉल जातीची असतात आणि मांजराच्या शरीराला फिनॉल पचवून बाहेर टाकता येत नाही. ते पुसलेल्या फरशीवरून चालतं, मग पंजे चाटतं. आजारी मांजराची खोली जास्तच स्वच्छ ठेवायची म्हणून आपण जास्तच फिनाईल ओततो. साबणाचं पाणी पुरे. उलटी-जुलाबाचा पॅनल्युकोपेनिया असेल तर पातळ केलेलं ब्लीच, तेही मांजराला बाहेर काढून, नंतर साध्या पाण्याने पुसून, कोरडं करून. तो विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो.

त्याच कारणाने पॅरासिटामॉल. मांजराला ताप आला म्हणून माणसाच्या तापाच्या गोळीचा पाव तुकडाही नाही. थेंबही नाही. रक्त प्राणवायू वाहायचं थांबतं, हिरड्या तपकिरी पडतात आणि मांजर मरतं. एवढं स्पष्ट लिहिते आहे कारण आमच्या इमारतीतल्या एका शहाण्याने मला ‘लहान मुलांचं सिरप दे की, गोड असतं’ असं सुचवलं होतं. कुत्र्याचं पिसवांचं औषधही नाही, बऱ्याचशांत परमेथ्रिन असतं, ते मांजराला विष. फुलदाणीत लिली असतील तर त्या बाहेर, पाण्यासकट. परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

खाणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण काट्यावरचा आकडा इथूनच ठरतो. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात. बाजारातल्या लहान पाऊचमध्ये ६० ते ८० असतात, म्हणजे तीन पाऊच. ‘चाटलं थोडं’ म्हणजे किती याचं उत्तर आता तुमच्याकडे आहे. पाऊच वाटीत ओतायच्या आधी तोला, उरलेलं पुन्हा तोला. तोच काटा, बघा. दूध देऊ नका. ‘मांजराला दूध नाही द्यायचं तर काय द्यायचं’ हा आईचा प्रश्न होता. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात, आणि जुलाब झाले की पुन्हा वजन. चिकनचं सूप द्यायचं तर नुसत्या पाण्यात उकडलेलं. कांदा-लसूण पडलेलं सूप, बाळाचं तयार पाकीट, काल रात्रीचा रस्सा यातलं काही नाही. कांद्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

नाक बंद असलं की मांजर खात नाही, कारण ते आधी वासाने जेवतं. म्हणून आधी नाक. ओल्या कोमट कापसाने पापुद्रे पुसायचे, मोरीत गरम पाण्याची बादली ओतून दार लावून दहा मिनिटं वाफेत घेऊन बसायचं. गरम पाण्याजवळ मांजर मोकळं सोडू नका. मग खाणं हाताला कोमट लागेल इतपत गरम करून द्यायचं. फ्रीजमधलं गार मांस निरोगी मांजरही हुंगून परत जातं. भोपळ्याला शेवटी बांगडा उकडलेल्या पाण्याचा वास लागला. मीठ न घालता. सुकट खारट असते, ती फार तर हुंगवायला.

सिरिंजने भरवणं डॉक्टरांकडून शिकून घ्या. १, ५ आणि १० मिलीलीटरच्या चार-चार आणून ठेवा, रबर घट्ट होतं आणि ऐन वेळी दट्ट्या अडकतो. सुई काढून टाकायची, हे सांगायला नको. मांजर बसलेलं, डोकं सरळ, सिरिंज सुळ्यामागच्या फटीतून बाजूने, एका वेळी अर्धा-एक मिलीलीटर, गिळलं की पुढचं. उताणं पाडून कधीही नाही, फुप्फुसात जातं. मळमळत असताना जबरदस्तीने कोंबलं तर ते खाणं पुढे कायमचं नकोसं होतं, म्हणून मळमळीचं औषध मागून घ्या. बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी पूर्ण कोटा नको, थोड्यापासून तीन-चार दिवसांत वाढवायचं, किती ते डॉक्टर सांगतील. वजन केलंत आज?

गोळ्या. बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं टॉवेलमध्ये गुंडाळायचं, फक्त डोकं बाहेर. गोळी जिभेच्या मुळाशी टाकायची, तोंड मिटायचं, गळा चोळायचा, नाकावर फुंकर मारली की गिळतं. त्यानंतर सिरिंजने ५ मिलीलीटर पाणी, प्रत्येक वेळी. डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तिथे भाजते आणि नंतर ती जागा आक्रसते. मग गिळताच येत नाही. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा, हे सगळ्यांना माहीत आहे.

वही. मोबाइलमध्ये नको. मोबाइल ज्याचा त्याच्या खिशात असतो आणि घरात आम्ही तिघं भरवणारे. दाराला दोरीने पेन बांधा. रकाने: वजन, खाल्लं, शू, शी, औषध, श्वास. वजनाचा रकाना पहिला. गेल्या वेळी आमच्याकडेही वही होती, तिच्यात ‘जेवला’ असं सोळा वेळा लिहिलं होतं.

शू वेगळी लिहायची, कारण बोका शू-शीच्या ट्रेमध्ये वारंवार बसून ओरडतोय आणि थेंब येत नाहीये, तर ते बद्धकोष्ठ नाही. लघवी अडकली आहे. सकाळची वाट बघायची नाही, दिवस-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ट्रे कमी काठाची, अंथरुणाजवळ. टाके असतील तर ट्रेमधल्या बारीक वाळूऐवजी (लिटरऐवजी) कागदाचे तुकडे.

श्वास झोपेत मोजा, मिनिटाला तिसाच्या आत हवा. चाळिशीला गेला किंवा तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर लगेच निघा. थर्मामीटर डिजिटल, गुदद्वारातून, व्हॅसलीन लावून. १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट नॉर्मल, त्यामुळे १०१ बघून घाबरू नका. ९९ बघून घाबरा. हिरड्या, कानाचं आतलं आणि डोळ्यांचं पांढरं रोज उजेडात बघा. पिवळं दिसलं तर आधीच उशीर झालेला असतो, काटा चार दिवस आधी सांगतो.

सलाईन घरी द्यायचं असेल तर दवाखान्यात दोनदा स्वतःच्या हाताने देऊन दाखवा, मगच घरी. पिशवी कोमट पाण्यात ठेवून, सुई दर वेळी नवी. खांद्यावर उंटासारखी मदार येते, ती उतरते.

रात्रीचा दवाखाना आजच शोधा. मुंबईत परळचं बैलघोडा हे जनावरांचं हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय आहे. पण आम्ही डोंबिवलीत, रात्री दोनला गाडी कोण देतं हे आधी ठरवा. मांजर घेतो म्हणणारा ड्रायव्हर सापडला तर त्याचा नंबर वहीत. कॅरियर माळ्यावर नको, खोलीत उघडा ठेवा. जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात तो प्लॅस्टिकचा कोन मापाचा. नखं आधीच कापून घ्या.

बरं व्हायला लागलं की मांजर पहिलं अंग चाटायला लागतं, ते चांगलं लक्षण. खोलीबाहेर सोडायची घाई नको. उरलेली औषधं फेका. लस राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून. वाट्या उकळा. वजन आठवडाभर रोज, मग रविवारी.

हुकाचा काटा आता देवघराच्या बाजूच्या खिळ्याला असतो. आई म्हणते तिथे बरा दिसत नाही. भोपळ्या काल ५.१. चिमीचं राहिलंय, ती पिशवी बघितली की फ्रीजवर जाते.