बर्मी लिपीतलं 'र'चं जोडचिन्ह साठवताना या चुका टाळा

बर्मी मजकूर संगणकावर हाताळताना घोळ होतो तो बहुतेक वेळा एका चिन्हापाशी. व्यंजनाला 'र' जोडायचा असेल तर डावीकडून सुरू होऊन त्या व्यंजनाला कवेत घेणारं चिन्ह येतं. बर्मी लोक त्याला 'या-यिट' म्हणतात आणि युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, त्याचा क्रमांक यू+१०३सी आहे. 'म्यानमा' या देशाच्या नावातलं पहिलंच अक्षर म्हणजे 'म' आणि हे चिन्ह, त्यामुळे चूक झाली की ती थेट देशाच्या नावात दिसते.

चिन्ह डावीकडे दिसतं म्हणून ते आधी साठवू नका. आपल्या 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते, पण साठवताना 'क' आधी येतो, तसंच इथे: आधी 'म', मग १०३सी. क्रम उलटला तर शब्दाच्या सुरुवातीला ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. शब्दाच्या मध्ये मात्र ते चिन्ह गुपचूप आधीच्या व्यंजनाला चिकटतं आणि चूक लवकर लक्षातही येत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान झॉजीमुळे होतं. फोन आणि संगणकांत बर्मी युनिकोड नीट दिसत नव्हतं त्या काळात हा फॉन्ट घरोघरी पोहोचला. त्याने युनिकोडचेच क्रमांक वापरले, पण वेगळ्या चिन्हांसाठी. युनिकोडमध्ये १०३बी म्हणजे 'य', १०३सी म्हणजे 'र', १०३डी म्हणजे 'व'. झॉजीत १०३ए हा 'य', १०३बी हा 'र', १०३सी हा 'व'. शिवाय तिथे 'र' व्यंजनाच्या आधी साठवतात. म्यानमारने १ ऑक्टोबर २०१९ पासून अधिकृतपणे युनिकोडकडे जायचं ठरवलं, तरी जुने डेटाबेस, जुन्या पोस्ट, जुने संदेश झॉजीतच पडून आहेत. अशा साठ्यावर डोळे मिटून रूपांतर चालवू नका. आधीच युनिकोड असलेला मजकूर झॉजी समजून बदललात, तर 'य'चा 'र' आणि 'र'चा 'व' होतो. आधी ओळखा, मग बदला, आणि मूळ प्रत जपून ठेवा. ओळखण्यासाठी गूगलचं 'म्यानमार टूल्स' मोफत मिळतं. एक-दोन शब्दांच्या मजकुरावर मात्र कुठल्याही ओळखयंत्राचा निकाल अंतिम मानू नका. त्याच स्रोतातला जास्त मजकूर एकत्र तपासा.

२००८ च्या एप्रिलमध्ये आलेल्या युनिकोड ५.१ पूर्वी ही स्वतंत्र चिन्हं नव्हतीच. तेव्हा १०३९ हे व्यंजनं जोडणारं चिन्ह आणि त्यापुढे पूर्ण 'र' अशी जोडणी करत. आता १०३९ फक्त एकाखाली एक रचलेल्या व्यंजनांसाठी आहे. तेव्हाच्या फायली मिळाल्या तर ही जोडणी शोधून बदला.

शोध लागत नाही अशी तक्रार आली तर जोडचिन्हांचा क्रम बघा. तो ठरलेला आहे: य, र, व, ह. संसदेचं नाव 'ह्लुत्तॉ' यात 'ल'नंतर आधी व-चिन्ह, मग ह-चिन्ह हवं. कुणी उलट टाइप केलं तरी काही फॉन्टांत ते हुबेहूब सारखं दिसतं, पण शोधयंत्राला तो वेगळा शब्द वाटतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन, म्हणजे चिन्हांचा क्रम एकसारखा करणारी प्रक्रिया, इथे उपयोगी नाही, कारण या चारही चिन्हांचा संयोगवर्ग (क्रम ठरवणारा आकडा) शून्य असल्याने ते त्यांची जागा बदलत नाही. क्रम लावणारा नियम तुम्हालाच लिहावा लागतो. असत, म्हणजे व्यंजनाचा स्वर काढून टाकणारं चिन्ह १०३ए, आणि खालचा ठिपका, म्हणजे १०३७, यांचं उलट आहे: तिथे नॉर्मलायझेशन ठिपका आधी आणून ठेवतं. म्हणून साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे ते चालवा.

आणि एक, 'य'-'र'चा घोळ नेहमी यंत्रामुळेच होतो असं नाही. आजच्या बोलीत य-चिन्ह आणि र-चिन्ह यांचा उच्चार सारखाच होतो. 'वाघ' आणि 'ऐकणे' हे दोन्ही शब्द कानाला एकच लागतात, पण वाघात १०३बी आहे आणि ऐकण्यात १०३सी. उच्चारावरून शब्द जुळवणारी प्रणाली करत असाल तर दोन्ही रूपं शोधात घ्या, पण साठवलेलं लेखन बदलू नका.