पैशांच्या हुकूमनाम्यानंतर घरमालकाने करावयाची तयारी

कर्जाऊ रकमेच्या दाव्याचा निकाल विरोधात गेला म्हणून त्याच दिवशी घर जात नाही. हुकूमनामा (म्हणजे निकालानुसार निघणारा न्यायालयाचा औपचारिक आदेश) आणि लिलाव यांच्यामध्ये दरखास्त (म्हणजे वसुलीसाठी वादीने न्यायालयात केलेला अर्ज), जप्ती आणि विक्रीचा जाहीरनामा असे टप्पे असतात, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर मुदत पाळणाऱ्याला काही ना काही करता येते. म्हणून सर्वांत आधी निकालपत्र व हुकूमनामा यांच्या प्रमाणित नकलांसाठी अर्ज करावा. अपिलाची मुदत जिल्हा न्यायालयात 30 दिवस आणि उच्च न्यायालयात 90 दिवस असते. नक्कल मिळण्यास लागलेला काळ त्यातून वगळला जातो, त्यामुळे अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख जपून ठेवावी. निकाल एकतर्फी असेल, तर तो रद्द करून घेण्याचा अर्ज 30 दिवसांत करावा लागतो, आणि समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल तर हे दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात. अपील दाखल झाले की वसुली थांबते, हा समज चुकीचा आहे. स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि ती देताना न्यायालय रक्कम भरण्यास किंवा तारण देण्यास सांगू शकते.

त्यानंतर खरेदीखत, मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि गृहकर्जाच्या बाकीचे पत्र एकत्र करावे. घरात भावंडांचा हिस्सा असेल तर त्याचे कागद विशेष महत्त्वाचे, कारण जप्ती कर्जदाराच्या हिश्श्यापुरतीच होऊ शकते. राहते घर जप्त होतच नाही, यावर विसंबू नये; दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मधील मूळ सूट शेतकरी, मजूर आणि घरगुती नोकर यांच्या राहत्या घरांपुरती आहे. घर घाईने पत्नीच्या किंवा मुलाच्या नावे करण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नये. धनकोला चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण न्यायालयात रद्द होऊ शकते, आणि कर्जदाराच्या शब्दावरचा विश्वास उडतो तो वेगळाच.

माझ्या मते सर्वाधिक काळजी पैसे देताना घ्यावी. वादीच्या हातात रोख रक्कम ठेवून, ओळखीपाळखीच्या भरवशावर पावतीही न घेणारी माणसे पुढे तीच रक्कम दुसऱ्यांदा भरण्याच्या संकटात सापडतात, कारण न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशांची रीतसर नोंद झाली नसेल तर दरखास्त चालवणारे न्यायालय ते विचारात घेत नाही. म्हणून रक्कम न्यायालयात जमा करावी किंवा बँकेमार्फत द्यावी, वादीकडून वसुलीची पुरसिस (म्हणजे रक्कम मिळाल्याचे न्यायालयाला लेखी कळवणे) दाखल करून घ्यावी, आणि तो टाळाटाळ करत असेल तर नोंदीसाठी स्वतः 30 दिवसांत अर्ज करावा. हुकूमनाम्यानंतर हप्ते बांधून घेण्यास वादीची संमती लागते. तेव्हा महिन्याच्या मिळकतीचा आणि खर्चाचा खरा हिशेब मांडूनच बोलणी करावीत. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे चौकशी करावी. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

प्रकरण लिलावापर्यंत गेलेच, तर जाहीरनाम्याच्या नोटिशीला हजर राहून घराची वाजवी किंमत नोंदवावी, मिळकतीचा काही भाग विकून देणे फिटत असल्यास तसे सांगावे, आणि गहाण ठेवून किंवा खाजगी विक्री करून पैसे उभे राहण्याजोगे असतील तर लिलाव पुढे ढकलण्याची मागणी करावी. लिलाव झाल्यावरही 60 दिवसांत जाहीरनाम्यातील रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या 5 टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून घेता येते; ही रक्कम कुठून येईल, हे नातेवाइकांशी आधीच बोलून ठेवावे.