कोकणात होमस्टे चालवताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

बुकिंगची चौकशी आली की मी आधी एक मेसेज पाठवते. अ‍ॅडव्हान्सचा विषय त्यानंतर. पहिल्या वर्षी तो तीन ओळींचा होता: खोलीचं भाडं, जेवणाचा दर, पत्ता. आता तो वाचायला मोबाइलवर दोन-तीनदा बोट फिरवावं लागतं. नवरा म्हणतो, एवढं वाचून कोण येणार? येतात की. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या फजितीनंतर आली आहे, म्हणून ती काढायची माझी हिंमत होत नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत. घरातल्या दोन खोल्या आणि जुन्या गोठ्याच्या जागी बांधलेली चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, दोन कॉटेज. माणसं तीन: मी, नवरा, सासूबाई. सीझनला शेजारची एक वहिनी मदतीला येते.

पिन घरावर टाकू नका

नकाशावर आम्ही अगदी कौतुकाने घराच्या कौलांवर पिन टाकली होती. घराकडे यायची सगळ्यात जवळची वाट म्हणजे पाखाडी. दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणं, आणि मध्ये चिऱ्याची घडण. नकाशाला तो रस्ता वाटतो. एकदा पुण्याची मंडळी रात्री नऊला मोठी गाडी घेऊन त्यात शिरली. पुढे पायऱ्या, मागे वळण, आणि दारंही उघडेनात. शेवटी शेजाऱ्यांच्या गडग्याचे पंधरा-वीस चिरे काढले, गाडी मागे घेतली आणि दुसऱ्या दिवशी गडगा पुन्हा रचून दिला. शेजारी भले म्हणून निभावलं.

पिन गाडी उभी राहणार तिथे टाका. मग दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवरून, चिपळूणच्या बाजूने येतोय असं धरून ती वाट एकदा गाडीने करून बघा. वळणाचा दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठवा. दापोलीकडून येणाऱ्याला दाभोळ-धोपावे फेरीबोटीचं आवर्जून सांगा, कारण नकाशा खाडीवरूनही बिनदिक्कत रेघ ओढतो. शेवटची फेरी चुकली तर खेड-चिपळूणवरून केवढा वळसा पडतो, हे मुंबईच्या माणसाला रात्री दाभोळच्या धक्क्यावर उभं राहूनच कळतं. आणि चिपळूण सोडताना फोन करायला सांगा. आमच्या आगरात रेंज पडवीच्या एका कोपऱ्यातच येते.

गाडी लावायची जागा माडाखाली नको. नारळाला डोळे असतात, तो माणसावर पडत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. गाडीच्या टपाबद्दल त्याने तसलं काही कबूल केलेलं नाही.

‘मासे मिळतील ना?’

या प्रश्नाला नुसतं ‘हो’ म्हणणं ही आमची सगळ्यात महागडी चूक. दिवाळीत दर ठरवून ‘सुरमई थाळी’ म्हणून सांगून बसलो. नाताळच्या आठवड्यात लिलावात सुरमईचा भाव असा चढला की तुकडी पातळ करावी लागली, आणि पाहुण्यांच्या ते बरोबर लक्षात आलं. वाईट आम्हीच दिसलो. आता शाकाहारी जेवणाचा दर ठरलेला असतो. मासळीच्या पुढे ‘त्या दिवशी जी चांगली मिळेल ती, त्या दिवशीच्या भावाने’ असं लिहिलेलं असतं. बांगडा ताजा असेल तर शिळ्या पापलेटापेक्षा तो घ्या, असं मी तोंडावर सांगते. नव्वद टक्के लोक ऐकतात. उरलेल्यांना पापलेट म्हणजे कोकण असं कुणीतरी शिकवलेलं असतं, त्यांच्याशी वाद घालत नाही.

जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. तेव्हा येणाऱ्याला हे अ‍ॅडव्हान्स घेण्याआधी सांगायचं, ताटावर बसल्यावर नाही. त्या दिवसांत सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घालून भात करा, सुकटीची चटणी करा. टाकळा, भारंगी, फोडशी या भाज्या शहरात पैसे देऊनही सहज मिळत नाहीत. आम्ही दोन वर्षं बर्फातली मासळी आणून ‘मासे आहेत’ हे खरं करत बसलो होतो आणि रानभाज्या घरच्यांसाठी चुलीवर शिजत होत्या! एका काकूंनी वास घेत स्वयंपाकघरात येऊन विचारलं, “हे काय शिजतंय? हे आम्हाला का नाही?” तेव्हा डोळे उघडले.

जेवण आदल्या रात्री लिहून घ्या. किती माणसं, शाकाहारी किती, उपवास कुणाचा, लहान मुलांना तिखट चालतं का. दुपारी चारला कुणी ‘रात्री उकडीचे मोदक होतील का?’ म्हणालं तर हसून नाही म्हणा. सासूबाईंनी एकदा भिडेखातर हो म्हटलं. नारळ खवा, पिठीची उकड काढा, कळ्या घ्या; चौदा माणसांना प्रत्येकी तीन धरले तरी बेचाळीस मोदक. ताटं वाढायला साडेदहा झाले आणि मुलं पडवीतच झोपली.

सकाळची न्याहारी म्हणजे घावन असेल तर ते आधी करून डब्यात भरून ठेवू नका. वाफ धरून ते एकमेकांना चिकटतात आणि वातड होतात. बिडाच्या तव्यावरून थेट ताटात, मग पाहुणा पाच मिनिटं थांबला तरी चालतो. त्यासाठी न्याहारीची वेळ बांधून घ्यावी लागते. आमची साडेआठ ते दहा. त्यानंतर चहा आणि लाडू.

संडास तुंबला म्हणजे पाइपच तुंबला असं नाही

होमस्टेच्या जाहिरातीत कुणी टाकीचा फोटो लावत नाही, पण सीझन बुडतो तो तिथे. आमची सेप्टिक टँक घरच्या पाच माणसांच्या हिशेबाने बांधलेली. तिला आम्ही कॉटेजही जोडून दिली. जोडून सुट्ट्या आल्या, चौदा माणसं, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी फ्लश केलं की पाणी वर येऊन हळूहळू उतरू लागलं आणि न्हाणीच्या जाळीतून गुडगुड आवाज येऊ लागला. आम्ही माणूस बोलावून पाइपात सळई घालत बसलो. पाइप मोकळा होता.

याची खूण सोपी आहे. एकाच ठिकाणचा संडास तुंबला तर अडथळा त्या भांड्यात किंवा त्याच्या पाइपात. सगळीकडचं पाणी एकाच वेळी हळू जायला लागलं तर टाकी भरली आहे किंवा टाकीतलं पाणी जमिनीत मुरवणारा शोषखड्डा पाणी घेत नाही. सळई घालण्याआधी दुसऱ्या संडासात एक बादली ओतून बघा.

आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत सोडू नका. आमचं आता वेगळ्या पाइपाने अळू आणि केळींकडे जातं. दुसरी चूक स्वच्छतेच्या नादात झालेली. प्रत्येक पाहुणा गेला की भांडं लखलखीत दिसावं म्हणून आम्ही अ‍ॅसिड ओतायचो. टाकीतला मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात. मग टाकी कामाची राहत नाही, नुसती साठवण होते. ब्रश आणि साधा साबण पुरतो. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स यांच्यासाठी झाकणाचा डबा आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्राच्या पिशव्या ठेवा. नुसती ‘टाकू नये’ अशी पाटी लावून उपयोग नाही. टाकायचं कुठे, ते समोर दिसलं पाहिजे.

पावसाळ्यात जमीनच पाण्याने भरलेली असते, तेव्हा शोषखड्डा मंदच चालतो. उपसा करायचा तो पावसाआधी, मे महिन्यात. प्लास्टिकची तयार टाकी भर जुलैत रिकामी केली तर खालचं पाणी तिला उचलतं. आमच्या वाडीत एकांची टाकी होडीसारखी वर आली होती. आणि विहीर! जांभा चाळणीसारखा असतो, त्यातून पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. शोषखड्डा विहिरीपासून किमान साठ फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. विहिरीचं पाणी पावसाआधी आणि नंतर तपासून घ्या.

न्हाणीघरातल्या गोष्टीतली एक मात्र हसण्यावारी नेऊ नका. गॅस गिझर बंद न्हाणीच्या आत बसवू नये. त्याचा विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही आणि आतला माणूस बेशुद्ध पडतो. गिझर बाहेरच्या भिंतीवर लावा, आत फक्त नळ.

खारं वारं

इथे कडी, कोयंडा, बिजागरी, सगळं गंजतं. एक आजोबा आत असताना न्हाणीची कडी अशी बसली की नवऱ्याला वरची कौलं काढून आत उतरावं लागलं. तेव्हापासून आतल्या कड्या पितळी किंवा स्टेनलेसच्या. कुलूप अडायला लागलं तर खोबरेल सोडू नका, त्याला रेती चिकटते आणि महिन्यात ते कायमचं बसतं. किल्लीवर पेन्सिलीचं शिसं घासा आणि चार-पाच वेळा फिरवा. एसीचा बाहेरचा भाग समुद्राच्या अंगाच्या भिंतीवर नको. वीज बंद करून महिन्यातून एकदा तो गोड्या पाण्याने धुवायचा.

मे महिन्यात किनाऱ्यालगतची विहीर फार उपसली की पाणी मचूळ होतं. एका दमात टाक्या भरण्याऐवजी सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं उपसा. पोफळींचं शिंपण आणि पाहुण्यांच्या टाक्या एकाच वेळी नकोत. मेसेजमध्ये आम्ही सरळ लिहितो, ‘मे महिन्यात आंघोळीचं पाणी किंचित मचूळ असतं, प्यायला वेगळं गोडं पाणी आहे.’ ही ओळ वाचून आजवर एकानेही बुकिंग रद्द केलेलं नाही.

भरतीची वेळ

‘हेदवीची बामणघळ बघून या’ म्हणून आम्ही पाहुण्यांना उत्साहाने पाठवायचो आणि ती परत येऊन म्हणायची, दगडात नुसती भेग होती. भेगच ती. भरतीचं पाणी त्यात घुसून उसळतं, ते बघायचं असतं. वेळ न सांगता पाठवलं, तर चूक आमची.

जुना हिशेब सासूबाईंनी शिकवला: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीला तीनच्या सुमारास. पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या पुढेमागे, आणि तेव्हा उधाण असतं. अंदाज येतो, पण मिनिटांसाठी भरती-ओहोटीचं छापील कोष्टकच बघावं. पडवीत पाटी टांगली आहे, तिच्यावर रोज खडूने वेळ लिहितो. गाडी पुळणीवर नेऊ नका, हे त्याच पाटीवर आहे. ओहोटीची वाळू टणक दिसते, चाक रुतलं की रुततच जातं आणि पाणी आपल्या वेळेला येतं.

पोहण्याबद्दलही तोंडी सांगावं लागतं. दोन बाजूंना लाटा फुटतायत आणि मधला पट्टा शांत दिसतोय, तर तो पट्टाच आत ओढणारा असतो. शहरातला माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो.

पैसे, कागद आणि घरचे लोक

फोनवर कुणी दर न विचारता चारही खोल्या घेतल्या, मी लष्करात आहे म्हणाला आणि पैसे देण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो स्कॅन करायला सांगितला, तर फोन ठेवा. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. बुकिंगची वही एकच ठेवा. नवऱ्याच्या फोनवर एक, माझ्या फोनवर दुसरं असं करून आम्ही एकच खोली एका शनिवारी दोघांना दिली होती. आम्ही माजघरात झोपलो, पाहुण्यांना खोली मिळाली.

रजिस्टर रोजच्या रोज भरा. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे, नियम आहेत, तेव्हा आधी परवानगी आणि मग पाया. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर त्यांची संमती आधी, तीही कागदावर. चहाच्या कपावर झालेली संमती बांधकाम पूर्ण होईपर्यंतच टिकते.

गणपतीत बुकिंग घेऊ नका. एका वर्षी घेतलं, आणि मुंबईहून आलेल्या चुलतदिरांना पडवीत झोपावं लागलं. त्याची आठवण अजून प्रत्येक आरतीनंतर निघते. शिमग्यात पालखी घरी येते, ढोल रात्रभर वाजतात. ते दिवस आम्ही खुले ठेवतो, पण ढोलांचं आधी सांगून.

पावसात चार महिने कॉटेज नुसती कुलूप लावून ठेवली तर ऑक्टोबरात गाद्यांवर हिरवी बुरशी मिळते. गाद्या भिंतीपासून दूर उभ्या करा, ऊन पडेल त्या दिवशी खिडक्या उघडा, पडदे काढून धुऊन कपाटात न ठेवता दोरीवर ठेवा. आणि सीझनचा पहिला पाहुणा येण्याआधी एक रात्र स्वतः तिथे झोपा. गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच झोपलो, तेव्हा कळलं की पंख्याचं बटण पलंगावरून उठून, दार ओलांडून पलीकडच्या भिंतीवर आहे. इतकी वर्षं पाहुणे रात्री अंधारात चाचपडत होते. एकानेही सांगितलं नव्हतं.