विद्यार्थ्यांचा इन्व्हेस्टमेंट फंड: खरेदीनंतरच्या या चुका टाळा

पिच, म्हणजे शेअर सुचवणारं सादरीकरण, झकास होते. आकडे पाठ, प्रश्नांना उत्तरं तयार. मतदान होतं, शेअर फंडात येतो. सहा महिन्यांनी तोच शेअर पंचवीस टक्के पडलेला असतो आणि "आता काय करायचं?" म्हटल्यावर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. ज्याने तो सुचवला, तो पदवी घेऊन कधीच गेलेला.

काही विद्यापीठं खरा पैसा पदवीच्या मुलांच्या हाती देऊन त्यांना गुंतवणूक शिकवतात. अशा फंडात मेहनत खरेदीच्या आधी होते आणि गडबड खरेदीनंतर, असं माझं मत आहे.

विकण्याची अट लिहून न ठेवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. शेअर का घेतला, यावर दहा पानं असतात. आपण चुकलो हे कशावरून ओळखायचं, यावर एक ओळ नसते. अट धंद्याशी बांधा: "सलग दोन तिमाही नफ्याचं मार्जिन घसरलं, तर पुन्हा बैठक." नुसती भावाची अट अपुरी पडते, कारण धंदा शाबूत असताना भाव पडला तर शेअर स्वस्त झालेला असू शकतो. आणि "निदान खरेदीभाव येऊ दे" असं कोणी म्हणालं, तर त्याला विचारा: हा शेअर आज आपल्याकडे नसता, तर या भावाला घेतला असता का?

सूत्रं न सोपवता निघून जाणं

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात असा कार्यक्रम १९८६ पासून चालतो. तिथे मुलं आधी संशोधनाचं काम करतात आणि मग फंड मॅनेजर होतात, त्यामुळे जुनी आणि नवी तुकडी काही काळ एकत्र असते. तुमच्याकडे अशी सोय नसेल, तर प्रत्येक शेअरला एक ज्युनियर जोडून द्या. शेवटच्या सत्रात त्या शेअरची बाजू ज्युनियरने मांडायची आणि सीनियरने फक्त प्रश्न विचारायचे. फाइलींचा फोल्डर शेअर केला म्हणजे सूत्रं सोपवली, असं होत नाही. तो फोल्डर कोणी उघडत नाही.

मॉडेलच्या एका खान्यावर भिस्त

शेअरची किंमत काढायच्या एक्सेलच्या मॉडेलमध्ये एकदा करून बघा. डिस्काउंट रेट (भविष्यातले पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) ९ टक्के, कायमची वाढ ३ टक्के धरली तर टर्मिनल व्हॅल्यू, म्हणजे अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या काळाची किंमत, त्या वर्षाच्या कॅश फ्लोच्या (हाती येणाऱ्या रोखीच्या) साधारण १७.२ पट येते. वाढीच्या खान्यात ३ चे ४ करा: २०.८ पट. एक अंक बदलला आणि तो आकडा एकवीस टक्क्यांनी फुगला! "तीस टक्के अपसाइड" (भाव चढायला वाव) बऱ्याचदा असाच जन्माला येतो. म्हणून पिचमध्ये एका टार्गेट प्राइसऐवजी (अपेक्षित भावाऐवजी) दोन्ही दर बदलून काढलेला तक्ता दाखवा.

परीक्षेत आणि सुट्टीत फंड वाऱ्यावर

या दिवसांत कोणी लक्ष दिलं नाही, फंडातले १५ टक्के रोख पडून राहिले आणि बेंचमार्क (ज्या निर्देशांकाशी फंडाची तुलना होते तो) २० टक्के चढला, तर उरलेली रक्कम बेंचमार्कइतकीच चालूनही तुमच्या हाती १७ टक्केच येतात (रोखीवरचं व्याज सोडून). नवी कल्पना मिळेपर्यंत ती रक्कम बेंचमार्कच्याच ईटीएफमध्ये (निर्देशांकाची नक्कल करणाऱ्या, शेअरसारख्या विकत मिळणाऱ्या फंडात) ठेवता येते. फंडाच्या धोरणात तशी मुभा आहे का, तेवढं आधी बघा.

ते धोरण बहुतेकांनी फंडात येण्याच्या मुलाखतीपुरतंच वाचलेलं असतं. एका शेअरची मर्यादा ५ टक्के असेल आणि ४ टक्क्यांचा शेअर दुप्पट झाला, तर बाकी सगळं जागच्या जागी राहूनही तो ७.७ टक्क्यांवर जातो. कोणी काही विकत घेतलं नाही, तरी मर्यादा मोडली.

अहवालातला परतावा जुळत नसेल तर

आधी दोन गोष्टी तपासा. बेंचमार्कचा आकडा डिव्हिडंड धरून, म्हणजे टोटल रिटर्नचा, घेतलाय का? नुसत्या प्राइस इंडेक्सशी तुलना केली की आपण उगाच हुशार दिसतो. दुसरं, मध्येच देणगी जमा झाली होती का? ती नफ्यात धरली गेली असेल, तर टाइम-वेटेड पद्धतीने (मध्ये आलेल्या-गेलेल्या पैशांचा परिणाम वगळून) परतावा नव्याने काढा.