‘द गर्ल ऑन द ट्रेन’ वाचताना कोणावर किती विश्वास ठेवायचा?

पॉला हॉकिन्सच्या या कादंबरीत (२०१५) रेचल, मेगन आणि अ‍ॅना अशा तिघी आळीपाळीने बोलतात. तिघींपैकी एकीचाही लळा लागत नाही. रहस्य उलगडत वाचायचं असेल तर कागद-पेन्सिल घेऊन बसा.

आधी तारखा. प्रकरणावरची तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. रेचल जुलै २०१३ पासून बोलते, मेगन मे २०१२ पासून. हे नजरेतून सुटलं की मेगनचं वर्षभरापूर्वीचं बोलणं कालचं वाटतं आणि सगळा हिशेब फसतो. कागदावर उभी रेघ मारून तारखा उतरवा. शनिवार, १३ जुलै २०१३ साठी मात्र अर्धं पान कोरं सोडा. त्या रात्री मेगन बेपत्ता होते, आणि दारूमुळे रेचलला ती रात्र आठवत नाही. त्या रात्रीच्या आठवणीचे तुकडे पुढे बऱ्याच उशिरापर्यंत येत राहतात.

आता समासात तीन खुणा: पाहिलं, ऐकलं, रचलं. गाडी सिग्नलला थांबते, रेचलला रुळांलगतच्या घरात एक जोडपं दिसतं. हे ‘पाहिलं’. त्यांची नावं जेस आणि जेसन, संसार दृष्ट लागावी असा, हे सगळं ‘रचलं’. ती बाई खरं तर मेगन असते. घोटाळा होतो तो ‘ऐकलं’मध्ये. शुद्ध नसताना आपण काय केलं हे रेचल छातीठोकपणे सांगते, पण ते तिला आठवतंय की कोणी सांगितलंय? प्रत्येक वेळी सांगणाऱ्याचं नाव लिहा. ही खूण आळसाने सोडलीत तर बाकीच्या दोन करून फारसा उपयोग नाही.

रेचल खोटं बोलते म्हणून तिला बाद करू नका. नोकरी गेलेली असूनही ती रोज लंडनची गाडी पकडते, हे ती घरमालकीण मैत्रिणीपासून लपवते. वाचकाला मात्र सांगून टाकते. म्हणजे खोटं कोणाशी, हे बघायचं. अ‍ॅनाचं उलट आहे: रेचलच्या आधीच्या नवऱ्याशी लग्न करून ती रेचलच्याच जुन्या घरात राहते, तेव्हा रेचलबद्दलची तिची मतं बाजूला ठेवा आणि तिने सांगितलेले प्रसंग तेवढे घ्या.

२०१६ चा इंग्रजी सिनेमा आधी पाहू नका. लंडनचं न्यूयॉर्क केलंय, गुन्हेगार तोच ठेवलाय.